फाळका पाडला की नाव गायब : सोलापुरातल्या एका घरसामान वाहतूक व्यवसायाच्या लोगोचं प्रकरण

## पार्श्वभूमी

व्यवसाय लहान. स्वतःचे दोन ‘छोटे हत्ती’ (लहान मालवाहू गाड्या), गरज पडली की भाड्याने चौदा फुटी आयशर, कायमचे सहा हमाल आणि त्यांचा एक मुकादम. फोन आणि हिशेब मालकाची बहीण सांभाळते. सुरुवातीची काही वर्षं काम होतं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून चादरी-टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवण्याचं. ते काम बेभरवशाचं होऊ लागलं तेव्हा मालकाने घरसामान हलवण्याकडे लक्ष वळवलं.

सोलापुरात या कामाला गिऱ्हाईक कमी नाही. मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय इथे आहे, त्यामुळे रेल्वेच्या बदल्या. शिवाय बँकांच्या, शाळांच्या. पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी लागलेली मुलं, आणि जुन्या पेठांतून जुळे सोलापूरकडे, विजापूर रोडकडे सरकणारी कुटुंबं. हंगाम एप्रिल ते जून. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा अशा मुहूर्तांना एका दिवसात तीन-तीन घरं निघतात, आणि पितृपक्षात गाड्या दारात उभ्या राहतात.

व्यवसायाचं नाव तीन अक्षरी मराठी, मधलं जोडाक्षर, पुढे ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’. ओळख पटू नये म्हणून ते इथे दिलेलं नाही.

## अडचण

जुना लोगो फ्लेक्सच्या दुकानात पाच मिनिटांत ठरलेला होता: पृथ्वीचा गोल, त्याला वळसा घालणारा बाण, पुढे धावणारा ट्रक. नेटवरून उतरवलेलं फुकटचं चित्र. तेच चित्र शहरातल्या आणखी दोघांच्या गाड्यांवर होतं, हे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका बाईंचा फोन आला. कपाटाचा आरसा फुटला म्हणून त्या पंधरा मिनिटं बोलल्या, पण त्यांचं सामान या गाडीने नेलेलंच नव्हतं.

असा चुकीच्या पत्त्यावरचा राग निदान कळतो तरी. उलट बाजू कळतच नाही. सोसायटीत यांची गाडी पाहून ज्याने नंतर नेटवर शोधलं आणि दुसऱ्यालाच फोन लावला, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत येत नाही.

आणखी एक काम डोक्यावर होतं. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही नामफलक मराठीत, देवनागरीत लावणं बंधनकारक झालं, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. इथे कार्यालयावरची पाटी अजून इंग्रजीत ठळक, मराठीत बारीक अशीच होती. ती बदलायचीच होती, तर लोगोही एकदाच बदलू, असं जानेवारीत, गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा संपल्यावर ठरलं. मुदत पाडव्याची. एकूण खर्च तीस हजारांच्या आत.

## पहिला निर्णय : आधी टेप, मग पेन्सिल

तीन वाटा समोर होत्या. ओळखीच्या पेंटरकडून थेट गाडीवर काढून घेणं सर्वांत स्वस्त होतं, पण दुसऱ्या गाडीवर तेच चित्र तसंच उतरत नाही. ऑनलाइन लोगो बनवणाऱ्या साइट झटपट काम करतात. मात्र त्यांचे साचे तेच ते असतात (म्हणजे पुन्हा गोल आणि बाण), आणि देवनागरी जोडाक्षर तिथे बरेचदा तुटून हलन्त होऊन येतं. तिसरी वाट स्थानिक डिझायनरची. बारा हजारांत तीन फेऱ्या असं ठरलं.

डिझायनरने पहिल्या दिवशी रेखाटन न करता गाडी मोजली. या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास तोच.

छोट्या हत्तीच्या बाजूचा फाळका (माल भरताना खाली पाडता येणारी पत्र्याची बाजू) जेमतेम एक फूट उंच, आणि पत्र्याला उभ्या नळ्या काढलेल्या. जुना लोगो तिथेच होता. मुकादमाने सहज सांगितलं, “साहेब, माल भरताना फाळका पाडतोय ना आपण, मग नाव आतल्या बाजूला जातंय. लोकांना नुसता कोरा पत्रा दिसतो.” म्हणजे गाडी ज्या दोन-तीन तासांत दारात उभी असते, अख्खी सोसायटी गच्चीतून पाहत असते, नेमक्या त्याच वेळी नाव झाकलेलं. संगणकाच्या पडद्यावर ही गोष्ट कधीच दिसली नसती.

केबिनच्या दारावर खिडकीखाली सपाट जागा निघाली २० बाय १४ इंच. ही जागा माल भरतानाही दिसत राहते, म्हणून मुख्य लोगो तिथे. फाळक्यावर असंच काही हवं जे झाकलं गेलं तरी चालेल. ही अट कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहिली गेली आणि पुढे तीच कामाला आली.

बाकी जागा अशा: तपकिरी खोकं, ज्यावर परवडणारी छपाई एकाच रंगाची, बिल्टीवरचा (माल पाठवल्याच्या पावतीवरचा) २५ मिलिमीटरचा रबरी शिक्का, हमालांच्या टी-शर्टच्या खिशावर तीन इंच, कार्यालयाची पाटी, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी, जो चौकोनी टाकला तरी गोल कापला जातो आणि यादीत नखाएवढा दिसतो. भाव विचारणारं गिऱ्हाईक सर्वांत आधी पाहतं तो हा नखाएवढा गोल.

## कल्पना कशा काढल्या

एका दुपारी मालक, बहीण, मुकादम, एक ड्रायव्हर आणि डिझायनर बसले. कोऱ्या कागदावर तीन उभे रकाने. पहिल्यात गिऱ्हाइकाला कशाची भीती वाटते: ओरखडा, फुटणं, हरवणं, ऐनवेळी वाढवलेलं भाडं, गाडी वेळेवर न येणं. दुसऱ्यात हमाल हातांनी काय करतात: गुंडाळणं, गाठ मारणं, उचलणं, खांदा देणं, चिठ्ठी चिकटवणं. तिसऱ्यात सोलापूरचं काय. मग दोन रकान्यांतला एकेक शब्द जोडून काय चित्र होतं ते काढायचं. रकाने नसले की ‘ट्रक’ आणि ‘घर’ यांपलीकडे डोकं जात नाही. इथे दोन तासांत चाळीसच्या आसपास चिठ्ठ्या निघाल्या, त्यांतल्या तीस टाकाऊ. एवढं प्रमाण चांगलंच म्हणायचं.

काही कल्पना तिथल्या तिथे गळाल्या. हत्ती सर्वांच्या मनात आधी आला, कारण गाडीचं नावच ते. पण हत्ती राजकीय पक्षाचं चिन्ह आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत गाडी भलत्याच कारणाने ओळखली जाईल. रेल्वेवाल्यांसाठी इंजिन सुचलं, त्याचंही तेच. मुकादमाने नंदीध्वज सुचवला. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, तोल सांभाळत मिरवणुकीने नेतात. ‘काळजीने वाहून नेणं’ याचं सोलापुरात याहून बोलकं चित्र नाही. तरी मालकाने हात जोडून नको म्हटलं. श्रद्धेची वस्तू खोक्यावर छापली की ती उद्या कचऱ्यात पडते आणि पायाखाली येते. हा निर्णय पहिल्याच बैठकीत झाला हे बरं झालं. रेखाटन आवडल्यावर असा नकार देणं जड जातं.

## चार पर्याय

चाकांवरचं घर. समजायला सोपं, आणि म्हणूनच सर्वांकडे असलेलं. तुलनेसाठी ठेवलं.

कासव. घर पाठीवर घेऊन चालणारा प्राणी. मालकाचा लाडका पर्याय. बहिणीचा आक्षेप होता की फोनवर निम्मे लोक ‘किती वेळ लागेल’ हेच विचारतात. खरी अडचण मात्र वेगळी निघाली. नखाएवढ्या आकारात कासवाचे पाय गायब होतात आणि हेल्मेट उरतं.

शिरोरेषेचा बांबू. नावातली देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतातच; ती रेष दोन्ही बाजूंना वाढवून दोन माणसांच्या खांद्यांवर दिली. रेखाटन देखणं होतं आणि डिझायनरचा जीव त्यातच होता.

चादरीची गाठ. चौकोनी खोकं सोलापुरी चादरीत बांधलेलं, वर गाठीचे दोन कान, खाली चादरीच्या काठाच्या आडव्या पट्ट्या. कानांचा उतार छपरासारखा धरला की तेच घरही दिसतं. जुन्या धंद्यातल्या गाठी, हमालाची गाठ आणि गावाची चादर एका चित्रात आली. शिवाय हे हमाल कपाटाच्या आरशाला आजही जुनी चादरच आधी गुंडाळतात, बबल रॅप त्यावर.

## दुसरा निर्णय : कोणाला काय दिसतं

चारही चित्रं काळ्या रंगात, नावाशिवाय, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापली. अनोळखी चोवीस जणांना प्रत्येक चित्र पाच सेकंद दाखवून एकच प्रश्न: हे काय आहे? ‘आवडलं का’ विचारायचं नाही. त्या प्रश्नाला लोक भिडेखातर होच म्हणतात.

बांबूचं चित्र पाहून भाजी मंडईतल्या एका आजींनी विचारलं, “कुणाला न्यायलेत रे?” दोन माणसं, मधे आडवा दांडा, त्यावर काहीतरी. पाच जणांना पालखी दिसली, चौघांना तिरडी. डिझायनरने तो कागद स्वतःहून बाजूला ठेवला. आधीच्या आठवड्यात टेबलाभोवती बसलेल्या पाच जणांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. नावासकट पाहिलं की मेंदू अर्थ भरून घेतो.

गाठीचं चित्रही सहज पास झालं नाही. नऊ जणांनी मोदक, लाडू किंवा पैशाची थैली सांगितली. कारण खालचा भाग गोल होता. दुसऱ्या फेरीत कोपरे काटकोनी केले, गाठ मध्यापासून किंचित डावीकडे सरकवली, काठाच्या पट्ट्या पाचवरून तीनवर आणल्या. नव्या चोवीस जणांत दोघेच थैलीवर अडले. बाकीच्यांनी ‘गाठोडं’, ‘बांधलेलं खोकं’, ‘चादर’ असं सांगितलं.

घरातून मात्र हरकत आली. मालकाच्या आईचं म्हणणं, बोचकं उचलून माणूस घर सोडतो ते काही चांगल्या वेळी नाही. मराठीत ‘बोचकं उचल’चा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तोडगा दोन गोष्टींचा: चित्राला जाहिरातीत किंवा बोलण्यात कुठेही बोचकं म्हणायचं नाही, फक्त ‘गाठ’, आणि रेषा ताठ, घट्ट ठेवायच्या, कापड कुठेही लोंबायला नको. सैल गाठोडं परिस्थिती सांगतं, घट्ट बांधलेलं काळजी सांगतं.

नुसत्या अक्षरांचा लोगो का नाही, याचंही उत्तर इथेच मिळालं. गाडी विजयपूरला किंवा हैदराबादला पोचते तेव्हा तिथला हमाल आणि वॉचमन देवनागरी वाचतीलच असं नाही. खोकी मोजताना त्यांना चित्रच उपयोगी.

## रंग आणि अक्षरं

इथे एक क्रम उलटा केला आणि तो फायद्याचा ठरला. सहसा पडद्यावर रंग ठरतो आणि मग रेडियमवाला ‘असा शेड नाही’ म्हणतो. म्हणून आधी रेडियमच्या दुकानातलं शेडकार्ड आणलं. लाल सुरुवातीलाच वगळला, कारण सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या चाळीसच्या वरच्या उन्हात तो सर्वांत आधी उडतो. भगवा, हिरवा, निळा हे रंग आपल्याकडे रंग म्हणून कोणी पाहत नाही. उरला गडद मोरपंखी; पांढऱ्या गाडीवर उठून दिसतो आणि खोक्यावर जवळजवळ काळ्यासारखा ठसठशीत उमटतो. काठाच्या पट्ट्यांना मोहरी-पिवळा, तोही फक्त गाडीवर आणि पाटीवर. तपकिरी पुठ्ठ्यावर पिवळा विरून जातो, शिवाय दोन रंगांची छपाई एकमेकींवर नीट बसत नाही.

अक्षरांसाठी मुक्त परवान्याचा ‘बलू’ फाँट घेतला आणि जोडाक्षर हाताने दुरुस्त केलं, कारण जाड वजनात त्याच्या पोटातली पोकळी बुजत होती. अंदाज असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. देवनागरीत मात्र वरच्या-खालच्या मात्रा धरून चार इंच घेतले तर अक्षराचं अंग अडीच इंचच भरतं. म्हणजे दारावरचं नाव पंचवीस फुटांवरून स्वच्छ वाचता येईल. सोसायटीच्या रस्त्याला तेवढं पुरतं. ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ बारीक, खालच्या ओळीत.

## अंमलबजावणी

अंतिम छपाईआधी खऱ्या मापाचे कागद चिकटपट्टीने गाडीवर लावून दहा, पंचवीस आणि पन्नास फुटांवरून फोटो काढले. त्यात दिसलं की नावाच्या शेजारी ठेवलेली गाठ दाराच्या कडीखाली जाते. ती नावाच्या वर घेतली. फाळक्यावर नाव नाही, फक्त काठाच्या तीन पट्ट्या. मधली रुंद, बाजूच्या दोन अरुंद. फाळका पाडल्यावर त्या झाकल्या गेल्या तरी नाव दारावर दिसतंच. बाजूच्या पिवळ्या आणि मागच्या लाल परावर्तक पट्ट्या झाकल्या जाणार नाहीत, एवढं पाहिलं.

चुका झाल्या त्या सगळ्या उतरवताना. फाळक्यावरच्या पट्ट्या आधी साध्या, स्वस्त व्हिनाइलच्या लावल्या. असं व्हिनाइल सपाट जागेवर टिकतं. नळीदार पत्र्यावर ते खोबणीत ताणून बसवावं लागतं आणि उन्हात आपल्या मूळ आकारात परतू पाहतं. मे उजाडायच्या आत ते खोबणीतून सुटलं, आत धूळ भरली. मग काढून, पत्रा घासून, स्टेन्सिलने एनॅमल रंगाचे दोन हात दिले. दारावरचं व्हिनाइल शाबूत आहे.

रबरी शिक्क्यात पट्ट्यांमधली फट अर्धा मिलिमीटर होती. शाई भरून तीन पट्ट्यांची एक झाली. शिक्क्यासाठी आणि डीपीसाठी एकाच जाड पट्टीची वेगळी आवृत्ती काढावी लागली. टी-शर्टवरच्या भरतकामात जोडाक्षराचा गोळा झाला. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्यांची कमी नाही, त्यांतल्याच एका कारागिराने सल्ला दिला की खिशावर नुसती गाठ भरा आणि नाव पाठीवर स्क्रीन प्रिंटने घ्या. तसंच केलं.

पाटीवाल्याने दहा बाय तीनच्या चौकटीत बसावा म्हणून लोगो आडवा ताणला आणि नाव स्वतःच्या फाँटमध्ये पुन्हा टाइप केलं. त्यात जोडाक्षर तुटलं. त्याच्याकडे जेपीजी गेलं होतं, चूक तिथली. त्यानंतर बहिणीच्या फोनवर एक फोल्डर कायमचं आहे: अक्षरं कर्व्हमध्ये (फाँट न लागणाऱ्या आकारांत) बदललेली सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) आणि पीडीएफ, पारदर्शक पीएनजी, एकरंगी आवृत्ती, आडवी मांडणी, उभी मांडणी आणि गोल डीपी.

## कागदपत्रं

डिझायनरला पैसे दिले म्हणजे चित्राचा हक्क आपोआप आला, असं धरून चालू नये. लेखी, सही केलेलं हस्तांतरण घ्यावं, आणि त्यात मुदत व प्रदेश लिहावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. इथे एका पानाचा कागद झाला.

ट्रेडमार्कसाठी वाहतूक, पॅकिंग आणि साठवणूक हे वर्ग ३९ मध्ये येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००; उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र असल्याने कमी फी लागली. शोध घेतल्यावर उच्चाराने जवळचं एक नाव त्याच वर्गात आधीच नोंदलेलं सापडलं. नुसत्या नावाचा अर्ज अडला असता, म्हणून गाठ आणि नाव मिळून एकत्र चिन्हाचा अर्ज केला. त्यानेही हरकत टळेलच असं नाही. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. तोवर ‘टीएम’ लिहिता येतं. गोलातला ‘आर’ नोंदणी झाल्याशिवाय लावणं गुन्हा आहे, मग पाटीवाला कितीही म्हणो की सगळेच लावतात.

## परिणाम

पाडव्याला पाटी आणि एक गाडी तयार होती, खोकी अक्षय्य तृतीयेला आली. खर्च तीस हजारांत बसायचा तो स्टेन्सिल आणि पुन्हा केलेल्या पाटीमुळे चौतीसवर गेला. त्या हंगामात काम वाढलं, पण एप्रिल-मेमध्ये ते दरवर्षीच वाढतं. श्रेय लोगोला देणं बरोबर नाही. निश्चित सांगता येतं ते एवढं: दुसऱ्यांच्या नावाच्या तक्रारी त्या हंगामात एकदाही आल्या नाहीत, आणि फोनवर ‘ते गाठवाले का?’ असं विचारणारे येऊ लागले. अनपेक्षित फायदा खोक्यांचा. रिकामी खोकी पुण्यात, लातुरात माळ्यांवर पडून राहतात आणि पुढच्या बदलीला तीच खाली येतात, नंबरासकट.

## काय वेगळं करता आलं असतं

नावाचा शोध चित्राच्या आधी घ्यायला हवा होता. त्याला पैसे पडत नाहीत, अर्धा तास लागतो. आणि जवळचं नाव पहिल्याच दिवशी कळलं असतं तर स्वतःच्या नावापुढे एखादा वेगळा शब्द जोडण्याचा पर्याय खुला होता. पाटी झाल्यावर तो बंद झाला.

शिक्का आणि भरतकाम यांचे नमुने अंतिम मंजुरीआधी काढले असते तर जाड पट्टीची आवृत्ती नंतर जोडावी लागली नसती. कदाचित तीच मुख्य आवृत्ती झाली असती. चाचणीतही एक उणीव राहिली: अठ्ठेचाळीस जणांत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं किती, याची नोंदच ठेवली नाही. शहराच्या पूर्व भागातली निम्मी गिऱ्हाइकं त्या घरांतली असताना हे सुटायला नको होतं.

दुसऱ्या गाडीचं काम अर्धवट आहे. दारं आणि बाजू नव्या झाल्या. मागच्या फाळक्याचा पत्रा कुजलेला असल्याने तो पासिंगच्या वेळी बदलायचा, रंग तेव्हाच. तोवर तिच्या पाठीवर पृथ्वीचा गोल आणि त्याला वळसा घालणारा बाण तसाच आहे.